दलदल उपसली तेव्हा

वस्तीत तिला सगळे बाटलीबाई म्हणत. खांद्याला जाड कापडाची पिशवी आणि पिशवीत किणकिणणाऱ्या बाटल्या, अशी ती रोज सकाळी कामावर निघायची. नवखा माणूस भलताच अर्थ काढायचा, मग ओट्यावर बसलेल्यांची हसून पुरेवाट व्हायची. तीही हसायची. माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत ती मदतनीस होती. सव्वीस वर्षं तिने बाटल्या आम्लाने धुतल्या, माती वाळवली, चाळली, चिठ्ठ्या चिकटवल्या. लग्नाचं कुठे जुळलं नाही, आणि एका वयानंतर तिनेच तो विषय बंद करून टाकला. राहायची ती थोरल्या भावाकडे. दादा खोदाईच्या मशीनवर होता. वहिनी मागच्या अंगणात भाजी लावायची. घरात भांडणं व्हायची ती फक्त मिठावरून.

वस्तीच्या वरच्या अंगाला एक खाण होती, चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेली. तिच्यातून झिरपणारं पाणी खाली दलदलीत उतरायचं, दलदलीतून ओढ्यात, आणि ओढ्याच्या काठाने सगळ्यांच्या विहिरी. दलदलीला नासक्या अंड्यांसारखा वास यायचा. वारा फिरला की लोक खिडक्या लावून घ्यायचे आणि शिव्या द्यायचे.

त्या वासाचं कारण वस्तीत फक्त तिला ठाऊक होतं. प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंनी, निवृत्त व्हायच्या आधी, एकदा काळ्या गाळाची बरणी उजेडात धरून तिला समजावलं होतं. "हे बघ, या चिखलात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. त्यांना हवा चालत नाही. आपण हवेवर जगतो, ते पाण्यातल्या गंधकाच्या क्षारांवर. त्यातून हा घाणेरडा वायू सुटतो. पण खाणीतून येणारं शिसं, कॅडमियम, जस्त, सगळं त्या वायूत अडकतं आणि काळी पूड होऊन तळाशी बसतं. म्हणून तुमच्या विहिरी गोड आहेत. तो वास आहे तोवर देवाचे आभार मानायचे."

"आणि गाळ वाळला तर?"

"मग दुसरे जीव जागे होतात, हवेवर जगणारे. ते ती काळी पूड खातात, आम्ल तयार करतात, आणि धरून ठेवलेलं सगळं परत पाण्यात सोडतात."

पुढे नगरपालिकेने ठरवलं, दलदल उपसायची आणि तिथे मैदान करायचं. वस्तीला आनंदाचं भरतं आलं. आधी पाणी तपासायचं म्हणून प्रयोगशाळेतल्या नव्या साहेबांनी बाटलीबाईलाच पाठवलं. "चार बाटल्या पाणी आणा."

"साहेब, गाळही आणू का?"

"पालिकेच्या पत्रात पाणी म्हटलंय. पाणीच आणा."

तिने चार बाटल्या आणल्या. अहवाल आला : पाण्यात जड धातू मर्यादेच्या आत. येणारच होता, त्या जिवांनी पाण्यात काही ठेवलंच कुठे होतं? तोच कागद सभेत वाचून दाखवला गेला. पाणी स्वच्छ आहे, मग खोदायला हरकत कसली?

ती सभेला दोन बरण्या घेऊन गेली. महिनाभर आधीच तिने दोन्हींत दलदलीचा गाळ भरून ठेवला होता. एक पाण्याने काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलेली, दुसरी उघडी, अधूनमधून पाणी शिंपडलेली. बंद बरणीतला गाळ काळाच होता. उघड्या बरणीतला गंजासारखा तांबूस झाला होता, आणि त्यात बुडवलेली आम्ल तपासायची पट्टी लालभडक निघाली. तिने पट्टी वर धरली. मोठ्या बाईंसारखं बोलायला गेली तर शब्द अडखळले.

पालिकेचा अभियंता समजूतदारपणे हसला. "ताई, बरणीतलं वेगळं, जमिनीवरचं वेगळं."

मागून कोणीतरी ओरडलं, "बाटलीबाई, आज भरलेली आणलीस होय!" सभागृह खदखदलं. दादाने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावून घेतलं. मदतनिसाने परस्पर सभेत बोलायचं नसतं, हे दोन वाक्यांत सांगितलं. तिने मोठ्या बाईंना फोन लावला. त्या दूरच्या शहरात लेकीकडे होत्या, आवाज क्षीण झाला होता. "मी पत्र लिहिते," त्या म्हणाल्या. पत्र आलं तेव्हा पाणी वाहून जायला चर खणून झाला होता.

तो चर दादानेच खणला. खणायच्या आदल्या रात्री ती त्याला म्हणाली होती, "दादा, हे काम तू नको घेऊस."

"मी नाही घेतलं तर दुसरा घेईल. आणि चिमे, त्या वासात आपली आई कशी गुदमरायची, विसरलीस?"

ती विसरली नव्हती.

उपसलेला गाळ लोण्यासारखा दिसायचा. लोकांनी हातगाड्या भरभरून तो अंगणात नेला. इतकी काळी माती म्हणजे खतच. वहिनीनेही दोन गाड्या टाकून घेतल्या. बाटलीबाईने फावड्याने तो एका कोपऱ्यात ओढायला घेतला, तर वहिनी प्रथमच तिच्यावर आवाज चढवून बोलली, "माझं एवढंसं अंगण आहे, त्यातही तुमचं शास्त्र?"

वास गेला. लोकांनी खिडक्या उघड्या टाकल्या. उन्हाळाभर वाळलेल्या गाळावर पोरं चेंडू खेळली. पावसाळ्यात तीन-चार सरी झाल्या आणि ओढा नारिंगी झाला. दगडांवर गंजाचा चिकट थर धरला. मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले. विहिरीचं पाणी जिभेला आंबट लागू लागलं, पण नळ आठवड्यातून दोनदाच यायचा, म्हणून लोक गाळून, उकळून तेच प्यायले. उकळून धातू जात नाही, हे ती दारोदार सांगत फिरली. कोणी ऐकलं, कोणी नाही. वहिनीची भाजी पिवळी पडून बसली.

पालिकेने विहिरींना टाळं ठोकलं तोवर दोन वर्षं गेली होती. तिसऱ्या वर्षी वहिनीचे पाय सुजले, हाडं ठणकायला लागली. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं अर्ध्याहून कमी चालताहेत. पाण्यामुळे का? तसं ठामपणे सांगता येत नाही, असं ते म्हणाले आणि टेबलावरचे कागद नीट करत राहिले.

त्या दिवशी दादा घरी येऊन खुर्चीत बसला. मग म्हणाला, "तुला माहीत होतं ना सगळं?"

"हो."

"मग मशीनपुढे आडवी का नाही पडलीस? मी थांबलो असतो. तुझ्या अंगावरून नेलं असतं का मी मशीन?"

बरण्या दाखवल्या, पत्र मागवलं, दारं ठोठावली, हे सगळं खरं होतं. आणि ती आडवी पडली नव्हती, हेही खरं होतं. चार बाटल्या तिनेच भरल्या होत्या. पाचवी, गाळाची, पिशवीत सहज मावली असती.

आम्ल मारायला मैदानावर चुना पसरला गेला. आता साहेब तिला चाळीस बाटल्या देतात आणि गाळही आणायला सांगतात. शेजारीण एकदा टँकरच्या रांगेत म्हणाली, "अगं, पुन्हा दलदल केली तर तुझे ते किडे परत येतील ना?"

"येतील. पण जे वाहून गेलं ते शेतात, विहिरीत मुरलंय. ते गोळा करायला ते येणार नाहीत."

दादा वहिनीला घेऊन तिच्या माहेरच्या गावी गेला. तिथे रक्त शुद्ध करायचं मशीन जवळ होतं. जाताना त्याने किल्ली बहिणीच्या हातात दिली, नजरेला नजर दिली नाही. वर्षभरात वहिनी गेल्याचं तिला शेजाऱ्यांकडून कळलं. ती गाडी पकडून गेली, तर सगळं आटोपलं होतं. दादा दारात उभा होता. त्याने तिला आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. ती पायरीवर तासभर बसली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आली.