बुरखेवाला आणि दहा आज्ञा

हातातले चहाचे कप आधी खाली ठेवा बघू. हसताना कुणाच्या धोतरावर सांडला तर मी जबाबदार नाही. अशी फजिती सोलापुरात माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाची झाली असेल, असं मला तरी वाटत नाही!

बोलपट यायच्या आधीची गोष्ट. दिवसा मी मिशनच्या शाळेत मास्तर, तोही हंगामी. संध्याकाळी नव्या पेठेपलीकडच्या तंबूत सिनेमाच्या पाट्या वाचायचो. चित्रं मुकी, आणि बघणाऱ्यांत वाचता येणारे थोडेच. पडद्यावर मराठी पाटी आली की ती खणखणीत वाचायची आणि वर पदरचे चार शब्द घालायचे.

तेव्हा काळ्या बुरखेवाल्याची मालिका जोरात होती. तोंडावर बुरखा, कमरेला तलवार, गोरगरिबांचा कैवारी. सगळं गाव त्याच्यापायी वेडं झालं होतं, आणि मी तर पगारी वेडा.

एकदा बायबलचे मास्तर आजारी पडले आणि दहा आज्ञा शिकवायचं माझ्या गळ्यात आलं. मी जानवं घालणारा माणूस, काय शिकवणार? मूर्तिपूजेच्या आज्ञेवरून तर घाईघाईनं पुढंच सरकलो. पोरं जांभया द्यायला लागली. मग म्हटलं, हे बघा, चोरी करायची नाही ही आज्ञा. आपला बुरखेवाला करतो का चोरी? पोरं ताठ बसली. खून नको, तर तो नुसता तलवारीच्या मुठीनं हाणतो. आईबापांचा मान राखायचा, तर तो घोड्यावर बसण्याआधी म्हातारीच्या पाया पडतो. रविवारच्या विश्रांतीपाशी जरा अडलो, पण ठोकून दिलं की रविवारी तो तलवार म्यानातून काढतच नाही. रविवारी तंबूत दोन खेळ असायचे आणि दोन्हींत तो माणसं लोळवायचा, ते सोडा.

पुढं मिशनचे गोरे पाद्रीसाहेब परीक्षा घ्यायला आले. पोरांनी आज्ञा धडाधड म्हणून दाखवल्या. साहेब खूष! चोरी का करू नये, असं त्यांनी विचारलं, तर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "बुरखेवाला करत न्हाय म्हणून."

हा कोण, असं साहेबांनी मला विचारलं. माझं लग्न ठरत होतं, आणि मुलीच्या वडिलांची अट होती, आधी नोकरी कायम, मग मुहूर्त. सांगून टाकलं, सिनेमातला आहे साहेब, पण दहाच्या दहा आज्ञा पाळतो. साहेब म्हणाले, तसं असेल तर मी बघायला येतो, आणि खरं निघालं तर तुम्हाला कायम करतो.

शनिवारी साहेब पुढच्या खुर्चीत येऊन बसले. नवा भाग दुपारच्याच गाडीनं आलेला, मीही पाहिला नव्हता. आणि सुरुवातीलाच काय? बुरखेवाल्यानं सरळ एक घोडा पळवला!

मी ओरडलो, मालकानं आपखुशीनं घोडा दिला. पडद्यावर मालक काठी घेऊन मागं धावत होता. म्हटलं, निरोप द्यायला येतोय.

"ओ मास्तर," मागून एकजण म्हणाला, "डोळं हायत का बटणं? चोरला की घोडा."

शेंगांची टरफलं माझ्या अंगावर यायला लागली. तेवढ्यात पाटी आली, 'होय, घोडा मीच चोरला.' मी छाती फुगवून वाचली, 'हा घोडा मला आहेर मिळाला.'

साहेब शांतपणे माझ्याकडे वळले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साहेब इतकी वर्षं मंगळवारच्या बाजारात मराठीत प्रवचनं देत होते, मराठी पुस्तकं वाचत होते. त्यांना पाटी वाचता येत नसेल, असं मला वाटलंच कसं?

सोमवारी बोलावणं आलं. मी राजीनाम्याच्या तयारीनं गेलो.

"त्यानं चोरी केली, पण कबूल केली," साहेब म्हणाले. "खोटी साक्ष मात्र आपण दिलीत. ती नववी आज्ञा. यापुढं ती कायम आपणच शिकवायची. मुलांना दुसरं उदाहरण शोधावं लागणार नाही."

अशी माझी नोकरी कायम झाली. मुहूर्त धरला, लग्नही लागलं. पंगतीत सासऱ्यांनी कौतुकानं विचारलं, की जावईबापू, साहेबांनी तुमच्यात एवढं काय पाहिलं?

मी मान खाली घालून, अगदी नम्रपणे म्हणालो, "माझा खरेपणा."