न वाचता सही करू नका

आमच्या समितीतल्या बाईंइतकं वाचणारं माणूस मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. वाचणारं म्हणजे कथा-कादंबऱ्या नव्हेत. लोक फेकून देतात ते या वाचतात. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी, मिक्सरचं गॅरंटी कार्ड, वीजबिलाची मागची बाजू. माझ्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं लांबली, तेव्हा बाई पत्रिका घेऊन थेट गुरुजींपाशी गेल्या. "अकरा सत्तेचाळीस छापलंय. चार मिनिटं होऊन गेली. पत्रिका खोटी, की आपण?" गुरुजींनी उरलेलं अष्टक गिळून टाकलं.

सदाशिव पेठेत आमचा एक छोटा न्यास आहे. स्तनाच्या कर्करोगावर नवे उपचार शोधणाऱ्यांना तो दरवर्षी अनुदान देतो. अर्ज तपासायला आम्ही तिघं: एक निवृत्त डॉक्टर, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आणि बँकेतून सुटलेला मी. माझा जन्म दुसऱ्याच्या सहीखाली सही करण्यात गेला. तीच सवय इथेही चालू ठेवली. बाईंनी सही केली, की तिच्याखाली माझी. एवढं बारीक वाचणारं माणूस शेजारी बसलं असताना आपण डोळे कशाला फोडायचे? एका बड्या संशोधकाने रुग्ण बायकांना 'लाभार्थी' म्हटलं होतं, तर समासात लाल शाईने "हिला लाभ कसला झालाय?" असं लिहून बाईंनी अर्ज परत पाठवला. दुसऱ्याला समोर बसवून म्हणाल्या, "आपण विद्वान आहात हे पहिल्या पानावरच कळलं. आता औषध काय करतं ते सांगा." त्या गृहस्थाला घाम फुटला होता.

न्यासाचा एक नियमही बाईंनीच घालून घेतलेला. अर्जाच्या विषयाशी ज्याचा स्वतःचा संबंध असेल, त्याने मत द्यायचं नाही. मग उरलेल्या दोघांच्या सह्या हव्यात. आम्ही तो मंजूर केला आणि विसरलो.

यंदाच्या पहिल्याच अर्जासाठी यवतमाळकडची एक मुलगी आली होती. तिचं संशोधन अर्ध्यावर आलेलं. अनुदान मिळालं नाही तर पुढच्या महिन्यात काम बंद पडणार होतं. डॉक्टरांनी सही करून कागद पुढे सरकवला. बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि दूध नासल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "मला मत देता येणार नाही. मला हाच आजार आहे. दिवाळीपासून उपचार चालू आहेत."

दिवाळीपासून आम्ही दर गुरुवारी न्यासाच्या बैठकीत शेजारी बसत होतो. ऐन उन्हाळ्यात बाई डोक्याला रुमाल बांधून येत, आणि मी गाढव, ती म्हातारपणाची लहर समजून घरी बायकोला हसून सांगत होतो! शेजारच्या डॉक्टरांनाही कळलं नव्हतं. मी पेन उचललं.

"अर्ज वाचलात?" उठून निघालेल्या बाई दारातून म्हणाल्या.

"बाई, आता वाचायचं काय? तुमच्यासाठी तरी—"

"माझ्यासाठी करणार असाल तर मुळीच करू नका. न वाचता सही करू नका." आणि त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

मी चाळीस पानं वाचली. आयुष्यात पहिल्यांदा. डॉक्टर दोनदा चहा पिऊन आले, ती मुलगी साडीचा पदर बोटाला गुंडाळत बसली होती. शेवटी मी विचारलं, "इंजेक्शनला दर आठवड्याला पुण्याला यायचं. खेड्यातली बाई स्वारगेटला उतरणार, परत जाणार. तिच्या भाड्याचं काय?" मुलीने पानं उलटून पाहिली. मग म्हणाली, "सर, हे राहिलंच." तिने तिथल्या तिथे ते घातलं, आणि मी सही केली.

बाहेर येऊन बाईंना सांगितलं. "प्रश्न बरा होता," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूपच. म्हटलं, "बाई, आता तुम्हालाही हे नवं औषध मिळेल. मी सांगतो त्या मुलीला."

बाई कधी नव्हे त्या हसल्या. "अहो, बत्तिसाव्या पानावर आहे. ज्यांचे उपचार आधीच सुरू झालेत, त्यांना या प्रयोगात घेत नाहीत. ते बरोबरच आहे."

बत्तिसावं पान मी वाचलं होतं. ती ओळही वाचली होती, बोट ठेवून. तिथे बाई आहेत हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं.