राखून ठेवलेला नारळ

आमच्या जवळा बाजार गावात आमदार आले, तेव्हा आम्ही बायका आरोग्य केंद्रासाठी डॉक्टर मागणारं निवेदन घेऊन उभ्या होतो. आधीच्या निवेदनांसारखंच हेही त्यांनी हसतमुखाने पीएच्या हातात दिलं.

तेवढ्यात एक अनोळखी म्हातारी कोपराने माणसं सारत पुढे आली. तिने पिशवीतून शाल काढली आणि भर उन्हात आमदारांच्या खांद्यांवर घातली.

"डॉक्टर आणल्याबद्दल सत्कार," माइकजवळ तोंड नेऊन ती म्हणाली.

आमदार गडबडले. "आजी, डॉक्टर अजून आला कुठं?"

"म्हणून तर अर्धाच सत्कार करून राहिले." तिने नारळ सगळ्यांना दाखवला आणि परत पिशवीत टाकला. "ह्यो डॉक्टर आल्यावर."

लोक हसले, आमदारही हसले. ती मात्र हसली नाही. "सुनेला सातवा महिना हाय, साहेब. नारळ थांबंल. लेकरू थांबत न्हाई."

पुढच्या अधिवेशनात आमदारांनी विधानसभेत प्रश्न मांडला आणि डॉक्टरीणबाई आल्या; बाळाआधी की नंतर, ते मला कळलं नाही. म्हातारीही पुन्हा दिसली नाही.

आता कुठल्याही मागणीच्या निवेदनासोबत मी नारळ नेते. सगळ्यांना दाखवते आणि परत घरी आणते.