तेराचा पाढा

पावसाळ्यात आमच्या हायस्कुलात बाकं पुरायची नाहीत. नारळी पौर्णिमा झाली की मागच्या रांगा ओस पडत, कारण पाचूबंदरची पोरं होड्यांवर जात. उरत ती वटारच्या बागायतदारांची आणि माणिकपूरची ख्रिस्ती मुलं. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. मी गणिताचा नवा मास्तर, डोकं लगेच तापणारा. "कोळ्यांची पोरं बसवली की निकाल पडतो," असं हेडमास्तर म्हणत, तेव्हा मला संताप यायचा. त्या वर्षी मॅट्रिकच्या वर्गातला माझा सगळ्यात हुशार मुलगा पाचूबंदरचाच होता. पण दिवाळीपासून तो फिरकला नव्हता, आणि चाचणी बुडाली तर त्याला मॅट्रिकला बसू देणार नव्हते.

चाचणीच्या सकाळी मी स्वतःच त्याला आणायला गेलो. बंदरावर दाट धुकं होतं. होड्यांची वाट बघत उभ्या बायका हातभर अंतरावरूनही दिसत नव्हत्या. त्यांतच त्याची आई होती, तिला मी आवाजावरून ओळखलं. बोलायला तोंड उघडलं, तोच समुद्रातून आवाज आला, "तेरा एके तेरा."

दुसरीकडून, लांबून, कुणीतरी म्हणालं, "तेरा दुने सव्वीस." मग त्रिक, मग चोक. प्रत्येक ओळ वेगळ्या दिशेनं येत होती आणि पाण्यावर काहीच दिसत नव्हतं.

"धुक्यात पोरं असंच बोलतात, मास्तर," आई हळूच म्हणाली. "एका होडीची एक ओळ, म्हंजे सगळी हायत ते कळतं. पाचवी माज्या पोराची."

पाचवी ओळ आली नाही.

मुलगा अडला की पुढचं सांगायचं, ही मास्तराची खोड. 'पासष्ट' माझ्या ओठांवर आलंच होतं. तिनं खारट हात माझ्या तोंडावर दाबला.

"बोलू नका. त्यांना वाटंल तो सापडला, नि शोधायचं सोडून येतील."

पाढा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. चोक झालं की थांबे. परत सुरू होई, दर वेळी अधिक आत, अधिक बारीक. वर्गात ज्यांना मी 'ढ' म्हणत होतो तेच आवाज त्याला शोधत होते. किनाऱ्यावर एकाही बाईची चाहूल लागत नव्हती. मी इतका घाबरलो होतो की देवाचं नावही आठवेना.

फार उशिरानं, भलत्याच बाजूनं, घोगरा आवाज आला, "तेरा पाचे पासष्ट." आईनं माझ्या तोंडावरचा हात तेव्हा काढला.

तो होडीतून उतरला. पाण्याच्या ओढीनं त्यांची होडी खडकाकडे नेली होती, घशातून आवाज फुटत नव्हता, असं त्यानं सांगितलं. मी म्हटलं, "चल बाबा, अजून वेळ गेलेली नाही. चाचणीला बस."

तो धुक्याकडे बघत राहिला. आत अजून काही होड्या होत्या.

"येतो, मास्तर," तो म्हणाला. "पन मग पाचवी कोन बोलंल?"

तो पुन्हा पाण्याकडे वळला. मी एकटाच शाळेत परतलो.