एकशे अठरा संगणक आणि एक साडू

दिनांक ३ फेब्रुवारी. रक्कम रुपये एक लाख शहाऐंशी हजार चारशे फक्त. औषधांचा घाऊक व्यापार करणाऱ्या कंपनीने एवढे पैसे एका सॉफ्टवेअरसाठी मोजले आणि पेनड्राइव्हकाकांच्या पोटात दुखू लागले.

काका म्हणजे कंपनीच्या संगणकांचे राखणदार. तीन मजले, एकशे अठरा संगणक. दर महिन्याला अपडेट आले की गळ्यात पेनड्राइव्ह अडकवून काका टेबलाटेबलाशी जात, ते संगणकावर चढवत आणि रजिस्टरात बरोबरची खूण करत. एका फेरीला नऊ दिवस लागत. तेरा वर्षांत हा नेम चुकला नव्हता. त्यांनी नवी खुर्ची मागितली तेव्हा मात्र तिजोरीत खडखडाट होता.

नवे सॉफ्टवेअर एका जागेवरून सगळ्या संगणकांना अपडेट पोचवत असे आणि कुठे अडले तेही सांगत असे. काकांनी हेही गिळले असते. पण ते बसवायला आला कोण, तर त्यांचा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, वयाने अकरा वर्षांनी लहान. सासरी त्याचे कौतुक आधीच उतू जात होते. सासूबाई त्याला आग्रह करकरून वाढत आणि काकांना म्हणत, तुम्ही घ्या हं हाताने, तुम्ही काय घरचेच. आता ऑफिसातही तेच. मॅनेजरसाहेबांनी त्याला आपल्या केबिनमध्ये बसवले, तेही नव्या खुर्चीत.

"नऊ दिवसांचं काम हा जेवणाआधी उरकणार म्हणे," हिशेबनीस बाई म्हणाल्या. "मग काका, तुम्ही इतकी वर्षं टेबलांना प्रदक्षिणा घालत होता की काय?"

काका हसले, पण तोंड कडू झाले. घरी ते म्हणाले, बटणं दाबायला कुठे अक्कल लागते? बायको म्हणाली, मग तुम्ही का नाही दाबलीत?

सोमवारी पहिला अहवाल मॅनेजरसाहेबांपुढे जायचा होता. तो फसावा म्हणून काका मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसले होते. सकाळी साडूने त्यांना हळूच बोलावले. पडद्यावर एकेचाळीस संगणकांपुढे लाल ठिपके होते.

अपडेट चढवल्यावर संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्याखेरीज ते लागू होत नाही. जाताना बंद करून जा, असे काका प्रत्येकाला बजावत आणि खूण करून पुढे सरकत. लोक नुसता पडदा बंद करून घर गाठत. काही अपडेट सात-सात महिने तसेच लटकले होते. रजिस्टरात सगळे ठीक.

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. हा कागद वर गेला की निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या माणसाची तेरा वर्षे पाण्यात.

"दादा," साडू खालच्या आवाजात म्हणाला, "जेवायला सगळे उठले की इथूनच बंद-चालू करतो. अहवाल मग काढू."

"आणि साहेबांना काय सांगशील?"

"कुठला संगणक कुठल्या टेबलावर, ते तुमच्या रजिस्टरामुळे कळलं. ते खरंच आहे ना."

त्याने टोमणा मारला असता तर काकांना बरे वाटले असते. निदान त्याच्यावर चिडता आले असते. त्याच्या चांगुलपणाने तीही सोय ठेवली नाही.

दोन वाजता अहवाल हिरवागार निघाला. साहेबांनी काकांच्या रजिस्टरचे दोन शब्दांत कौतुक केले आणि साडूची पाठ दोनदा थोपटली. काकांनी ते बरोबर मोजले. साडूचे आभार मानायचे सोडून ते रजिस्टर कपाटात ठेवायला निघाले.

संध्याकाळी कॅन्टीनमध्ये दोघांनी चहा घेतला. काकांकडे सुटे नव्हते, म्हणून पैसे साडूने दिले. काकांच्या वाटणीचे बारा रुपये अजून द्यायचे आहेत.