दोन तोंडांची दौत

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही, असंच सांगतो लोकांना... पण त्या दौतीचं काय करू?

आम्ही जबलपूरचे, मी कारखान्यात कारकून. छावणीतल्या सदर बाजारात एका गोऱ्या डॉक्टरच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला, तिथून काचेचं एक भांडं आणलं. कासवासारखं चपटं, पाठीवर भोक, पुढे निमुळती चोच. कशाचं म्हणावं? हकीमजी म्हणाले, रक्त ओढायची तुंबडी. कंपाउंडर म्हणाला, "बाबूजी, आँख धोने का है." शेजारचे मास्तर म्हणाले, औषध मोजायचं. जितकी तोंडं तितकी मतं! वैतागून मी त्यात शाई भरली.

त्याच आठवड्यात आमच्या हिला मुलगी झाली. हिला ताप, पोर अशक्त, अंगावर पिईना. चांदीच्या बोंडल्यानं दूध घातलं की धार एकदम यायची, ठसका लागायचा. चौथ्या दिवशी तर तिनं रडणंही सोडलं.

आणि इकडे माझी दौत! सकाळी शाई भरून अंघोळीला जावं, येऊन पाहावं तर शाई गायब. काच लख्ख, तळाशी दुधाचे चार थेंब — कोमट! लागोपाठ तीन दिवस. रोज मी घर डोक्यावर घेतलं, दौत धुणारा जो कोणी असेल त्याला नाही नाही त्या शिव्या घातल्या.

चौथ्या दिवशी तेच. दौत घेऊन तरातरा बाळंतिणीच्या खोलीच्या दारात गेलो. आत नागपूरहून आलेल्या सासूबाई.

"काहून माझ्या दौतीला हात लावून राहिल्या?"

"म्या? बाळंतिणीचा विटाळ अंगावर घेऊन तुमच्या टेबलाला शिवू? अच्छा, दाखवा तर इकडे!"

खरंच होतं. विटाळाचे दहा दिवस त्या दोघी बाहेरच्या वस्तूला शिवत नव्हत्या. पोर सोडली तर घरात चौथं कोणी नव्हतं.

सासूबाईंनी दौत हिसकावली. पाठीच्या भोकावर अंगठा दाबून ती तिरपी केली. काही नाही. अंगठा उचलला, चोचीतून थेंब पडला. दाबला, थांबला.

"अवो जावईबापू, हे बोंडलंच आहे! धार हातात राहते याची."

उकळत्या पाण्यातून काढून दूध भरलं. पोर थेंब थेंब प्यायली... आणि थोड्या वेळानं भुकेनं टाहो फोडला. मीही रडलो. लाज कशाची?

आता ती पाटी घेऊन शाळेत जाते. बोंडलं सुटल्यावर मी पुन्हा त्यात शाई भरली, मुद्दाम. अंघोळ करून आलो, तर शाई जशीच्या तशी. तेव्हापासून रोज भरतो, रोज तशीच. कोण होतं ते, देव जाणे. शिव्या खायला तेवढं रोज यायचं... आता माफी मागायची आहे, तर येतच नाही!