दारावरचा सदतीस

दादाने ट्रंकेतून तो खोका काढला तेव्हा त्याचा उजवा डोळा पूर्ण गेला होता आणि डाव्याने ओल्या काचेतून बघावं तसं दिसत होतं. साखरेने डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सगळी नोकरी बोटीवर, इंजिनरूममध्ये फिटर म्हणून. वहिनी गेल्यावर देवरूखजवळचं गावचं घर बंद करून तो रत्नागिरीत माझ्याकडे राहायला आला. मी कचेरीतून निवृत्त झालेला कारकून, बायको अजून शाळेत शिकवते. दिवसभर घरात आम्ही दोघंच.

खोक्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग होते, जोडून मोटार करायची. खरीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी. कधीतरी अमेरिकेतल्या एका बंदरात त्याची बोट दुरुस्तीला अडकली होती, तेव्हा गोदीतल्या एका कामगाराने त्याला शर्यत बघायला नेलं. मातीचा गोल ट्रॅक, आणि त्यावर पळणाऱ्या गाड्या म्हणजे लोकांच्या घरच्याच जुन्या मोटारी. आतल्या गाद्या, काचा, दिवे काढून टाकायचे, छताखाली लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड करायचा, दारावर मोठा नंबर घालायचा आणि पळवायची.

"गाडी भंगारातली रे, पण वेल्डिंग असं, की मी जाऊन हात लावून बघितलं," दादा सांगायचा. दुसऱ्या दिवशी त्याने तसल्याच गाडीचा हा खोका घेतला. निवृत्तीनंतर सावकाश करू म्हणून तो इतकी वर्षं ट्रंकेत राहिला.

"आता मला जमायचं नाही. तू कर, मी सांगतो," तो म्हणाला.

मी जन्मात स्क्रू पिळला नव्हता. पण सकाळी बुद्धवंदना झाली की आम्ही दोघं टेबलाशी बसू लागलो. नेलकटरने मी एकेक भाग प्लॅस्टिकच्या चौकटीतून सोडवायचा, पॉलिश पेपरने घासायचा आणि त्याच्या तळहातावर ठेवायचा. तो अंगठ्याने चाचपून सांगायचा, "हा मागचा अ‍ॅक्सल. कडेला वायच खरबरीत आहे, आणखी घास." पाइपांचा पिंजरा जोडताना पाइप सारखा निसटायला लागला, तेव्हा त्याने माझं मनगट धरून ठेवलं. लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवताना धरायचा तसंच. इंजिन बसलं, चाकं बसली. रंगाचं मात्र त्याने बजावून ठेवलं होतं. "पाऊस संपू दे. दमट हवेत स्प्रे मारलास तर रंग पांढरा पडेल."

आषाढात त्याच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन कोल्हापूरला झालं. पंधरा दिवसांनी तपासणीला गेलो तेव्हा त्याला बाहेर बसवून डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "आम्हाला जमेल ते केलं. पण पडदा टिकणार नाही. थोडी नजर आहे ती दिवाळीपर्यंत राहिली तरी खूप. त्यांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

परतताना आंबा घाटाच्या अलीकडे चहाला थांबलो. धुकं एवढं होतं की समोरची गाडी मलाही दिसत नव्हती.

"काय म्हणाले रे डॉक्टर?" दादाने विचारलं.

मी चहाचा घोट घेतला. "दिवाळीपर्यंत वेळ लागेल म्हणाले. डोळ्याला आराम द्यायचा, मग सुधारेल."

आराम हा शब्द माझा. डॉक्टरांनी तो उच्चारलाही नव्हता. पण दादाचा चेहरा सैलावला, आणि आपण बरं केलं असं मला वाटलं.

त्याने तो शब्द औषधासारखा पाळला. सकाळी जेमतेम दहा मिनिटं डोळा उघडा ठेवायचा, मग काळा चष्मा लावून, डोळे मिटून कॉटवर पडायचा. बायको म्हणाली, भाऊजी, बागेत बसा, हिरवं बघा. तो म्हणाला, "आता नको. दिवाळीनंतर बघायचंच आहे सगळं."

मला घाई सुटली. थोडं दिसतंय तोवर त्याला पुरी झालेली गाडी दिसावी, एवढंच डोक्यात होतं. भर पावसात, सगळं दमट असताना, मी गॅलरीत लाल स्प्रे मारला. अर्ध्या तासात रंगावर बुरशीसारखा पांढुरका थर आला. दादाने गाडी डोळ्याजवळ नेली.

"लाल दिसते. चमक आली का रे?"

"आरशासारखी," मी म्हणालो.

खोक्यातले नंबराचे कागद पाण्यात भिजवून, त्यावरचा पातळ पापुद्रा दारावर सरकवायचा असतो. इतक्या वर्षांत तो कडक झाला होता. पाण्यात घालताच सदतीसचे तुकडे झाले आणि बशीत तरंगायला लागले. मी बशी मोरीत ओतली. बायकोच्या शाळेच्या सामानातला बारीक ब्रश घेतला आणि दोन्ही दारांवर पांढऱ्या रंगात सदतीस काढला. तीन चांगला आला, सात वाकडा.

हे सगळं होईपर्यंत भाद्रपद सरत आला, आणि दादाला फक्त उजेड आणि अंधार कळत होता. मी गाडी त्याच्या हातात दिली. त्याने छत चाचपलं, खिडकीतून करंगळी घालून पिंजरा मोजला, हसला. मग बोट दारावर आलं आणि थांबलं. पुन्हा फिरलं.

"हा नंबर ब्रशने काढलायस."

मी टेबलावरचा ब्रश उचलून बाजूला ठेवला.

"पापुद्रा बोटाला लागत नाही. हा जाड लागतो. फुटले ना ते?"

"हो."

"मग सांगायचं. आणि रंग? खरं सांग."

"पांढरा पडलाय."

त्याने गाडी टेबलावर ठेवली. मग अगदी हळू विचारलं, "डोळ्याचं काय म्हणाले होते डॉक्टर? तुझं नको. त्यांचे शब्द सांग."

मी सांगितले. एकही शब्द गाळला नाही.

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "दोन महिने मी डोळे मिटून पडलो रे," तो म्हणाला. "दिसत असताना मिटून पडलो. गावी जाऊन आलो असतो. तुझ्या वहिनीने लावलेलं रातांब्याचं झाड बघितलं असतं. आरे-वारेच्या वरून एकदा समुद्र बघितला असता. तुमची तोंडं बघितली असती."

"तुला त्रास होऊ नये म्हणून, दादा…"

"माझे डोळे होते ते. तुझे नव्हते."

पुढच्या रविवारी मी त्याला एस्टीने गावी नेलं. वहिनीचं झाड त्याने खोडाला हात लावून ओळखलं, पानं चुरगळून वास घेतला. शेजारच्या काकींनी विचारलं, "दिसतं का रे काही?" तो म्हणाला, "नाही काकी, संपलं." मी तिथेच पायरीवर बसून होतो. पायरीवरून खाली उतरताना त्याने माझा हात न धरता भिंत धरली.

आता दिवाळी होऊन गेली. आम्ही भांडलो नाही, आणि त्यावर पुन्हा बोललोही नाही. जेवतो, बातम्या ऐकतो, संध्याकाळी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत फिरून येतो. गेल्या आठवड्यात त्याच्या किडनीचा रिपोर्ट आला. मी सावकाश, प्रत्येक आकड्यासकट वाचून दाखवला. त्याने शांतपणे ऐकलं, मग कागद मागून घेतला आणि नीट घडी घालून खिशात ठेवला.

"खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई ड्युटीवरून आल्या की सांग," तो म्हणाला. "त्यांच्याकडून एकदा वाचून घेतो."